स्वातंत्र्यवादी उजवे की डावे? कोकणात वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्गात राजकारणावर बोलणं निघालं की माणसाला लगेच कुठल्या तरी एका बाजूला बसवलं जातं. सरकारने कमी ढवळाढवळ करावी म्हटलं की तो भांडवलदारांचा माणूस होतो, आणि प्रकल्पाला जमीन देणार नाही म्हटलं की डावा. एकच माणूस या दोन्ही गोष्टी म्हणू लागला की ऐकणारे गोंधळतात. बागायतदार, कॉलेजातली मुलं, गणपतीला गावी येणारे चाकरमानी जे प्रश्न पुन्हापुन्हा विचारतात, त्यांची उत्तरं इथे दिली आहेत. ती देणारा व्यक्तिस्वातंत्र्याच्या बाजूचा आहे, हे वाचताना लक्षात असू द्या.

लिबर्टेरियन, म्हणजे स्वातंत्र्यवादी, नेमकं कुणाला म्हणायचं?

प्रत्येकाचं शरीर, त्याचे कष्ट आणि सचोटीने मिळवलेली मिळकत ही त्याची स्वतःची आहे, असं जो मानतो त्याला. कुणाला मारझोड, धाकदपटशा किंवा फसवणूक न करता माणूस जे करील त्यात कुणीही जबरदस्तीने आडवं येऊ नये. हा नियम सरकारलाही लागू, ही या विचाराची खरी धार. पुढे मतभेद आहेत. काहींना पोलीस, न्यायालय आणि संरक्षण एवढंच सरकार हवं असतं, काहींना तेही नको असतं. अर्थतज्ज्ञ फ्रीडरिश हायेकसारखे जुन्या उदारमतवादाच्या जवळचे लोक निराधारांसाठी किमान आधार सरकारने द्यायला हरकत घेत नाहीत.

म्हणजे हे उजवेच झाले की!

विसाव्या शतकात ते उजव्यांच्या शेजारी बसले हे खरं. त्याचं मुख्य कारण समान शत्रू. सोव्हिएत पद्धतीचं नियोजन आणि साम्यवाद दोघांनाही नको होता. अमेरिकेत लेखक फ्रँक मेयर यांनी १९५० आणि ६० च्या दशकांत परंपरा आणि स्वातंत्र्य यांची मोट बांधायचा प्रयत्न केला, आणि ती बरीच वर्षं टिकली.

आपल्याकडे हेच स्वतंत्र पक्षात दिसलं. काँग्रेसच्या नागपूर अधिवेशनात सहकारी शेतीचा ठराव झाला आणि त्याच वर्षी, १९५९ मध्ये, राजाजींनी, म्हणजे चक्रवर्ती राजगोपालाचारींनी, मिनू मसानी आणि इतरांना घेऊन हा पक्ष काढला. लायसन्स-परमिट राज, म्हणजे प्रत्येक धंद्याला सरकारी परवाना लागणारी व्यवस्था, हा राजाजींचा शब्द तेव्हापासून आपल्या बोलण्यात आला. १९६७ ला लोकसभेत ४४ जागा मिळवून तो सर्वात मोठा विरोधी पक्ष झाला. पण त्या जागांमागे कोण होतं हेही पाहायला हवं. एकीकडे मसानींसारखे पक्के उदारमतवादी, तर दुसरीकडे राजस्थान, गुजरात, ओरिसातले संस्थानिक आणि जमीनदार. संस्थानिकांना सरकार नको होतं कारण ते त्यांची सत्ता काढून घेत होतं. मसानींना ते नको होतं कारण ते कुणाच्याही हाती फार सत्ता देत होतं. घोषणा एकच असली तरी कारणं वेगळी होती. १९७४ मध्ये पक्ष भारतीय लोकदलात विरून गेला.

हायेकने तर १९६० मध्येच आपण परंपरावादी का नाही यावर निबंध लिहिला होता. सत्ता योग्य माणसाच्या हातात असेल तर परंपरावाद्याला तिची भीती वाटत नाही, हा त्यातला मुख्य मुद्दा. मला वाटतं, उजवे आणि स्वातंत्र्यवादी यांच्यातला फरक इतक्या नेमकेपणाने फार कमी जणांनी सांगितला आहे.

डाव्यांशी यांचं काही नातं आहे का?

जुनं आहे. डावे-उजवे ही विभागणीच १७८९ च्या फ्रेंच सभेतल्या आसनांवरून आली. राजाच्या अधिकाराच्या बाजूचे उजवीकडे बसले आणि विरोधातले डावीकडे. खुल्या व्यापाराचा कट्टर पुरस्कर्ता फ्रेदेरिक बास्तिया १८४८ नंतरच्या फ्रेंच सभेत डावीकडे बसत असे, आणि मत मात्र मुद्दा पाहून देई.

आपल्या मुंबईतलं उदाहरण रणछोडदास लोटवाला यांचं. १९२० च्या दशकात पुढे कम्युनिस्ट नेते झालेल्या तरुण श्रीपाद अमृत डांगे यांना मार्क्सवादाच्या अभ्यासासाठी आणि कामासाठी आधार देणारे हेच गृहस्थ, आणि पुढे स्वातंत्र्यवादी नियतकालिक चालवणारेही हेच. अमेरिकेत व्हिएतनाम युद्धाच्या काळात कट्टर स्वातंत्र्यवादी अर्थतज्ज्ञ मरे रॉथबार्ड नवडाव्यांच्या, म्हणजे युद्धाला विरोध करणाऱ्या तरुण डाव्यांच्या, बरोबर उभा राहिला, कारण सक्तीची लष्करभरती त्याला गुलामगिरी वाटे. अर्थतज्ज्ञ मिल्टन फ्रीडमनही त्या भरतीच्या विरोधात होता. ती १९७३ मध्ये बंद झाली.

सरकार मागे हटलं तर पुन्हा खोतांचं राज्य येईल, असं आमचे आजोबा म्हणायचे. त्यांचं चुकलं का?

आजोबांच्या भीतीमागे पिढ्यांचा अनुभव आहे. तिला पुस्तकी उत्तर देऊन चालणार नाही.

खोत हा मुळात सरकारसाठी सारा गोळा करणारा. आदिलशाही, पेशवाई आणि इंग्रजी अशा तीन राजवटींत त्याचा हक्क सरकारी सनदेने आणि कायद्याने पक्का होत गेला. १८८० चा खोती कायदा त्यातलाच. कुळाने डोंगरउतारावर राबून भात काढायचं, निम्मंअधिक खोताच्या कोठारात घालायचं आणि वर वेठही करायची. म्हणजे खोताची मालकी बाजारात, राजीखुशीने झालेल्या व्यवहारातून आलेली नव्हती. तिच्या मुळाशी सरकारची मोहर होती.

म्हणून प्रामाणिक स्वातंत्र्यवादी खोती रद्द करण्याच्या बाजूने असायला हवा. तत्त्वज्ञ रॉबर्ट नोझिकने १९७४ मध्ये मांडलं की मालकी न्याय्य ठरायची तर ती मिळाली कशी हे तपासावं लागतं, आणि अन्यायाने मिळाली असेल तर तो अन्याय दुरुस्त करावा लागतो. रॉथबार्डने तर स्पष्टच लिहिलं की सरंजामी हक्काने बळकावलेली जमीन कसणाऱ्याची आहे. आपले बरेच स्वातंत्र्यवादी मालमत्तेच्या हक्कावर तासभर बोलतात आणि हा भाग गाळतात. हे मला खटकतं.

अलिबागजवळच्या चरीचा संप याच कसोटीवर पाहा. नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली १९३३ पासून सहा वर्षं कुळांनी खोतांची जमीन कसलीच नाही. उपासमार झाली, लाकडं तोडून दिवस काढले, पण नांगर धरला नाही. या अटींवर मी राबणार नाही, हे म्हणण्याचा हक्क म्हणजे शुद्ध स्वातंत्र्यवाद. तो लढवला शेतकरी-कामकरी चळवळीने. १७ सप्टेंबर १९३७ ला खोती रद्द करण्याचं विधेयक मुंबईच्या विधानसभेत मांडलं डॉ. आंबेडकरांनी. कायदा प्रत्यक्षात १९४९ मध्ये झाला. या लढ्यात उदारमतवादी मंडळी पुढे नव्हती, डावे आणि आंबेडकरी होते. याचं श्रेय त्यांना मोकळ्या मनाने द्यायला हवं.

लोकमान्यांनी संमतीवयाच्या कायद्याला विरोध केला. सरकारने सामाजिक बाबतीत पडू नये म्हणणारे टिळक स्वातंत्र्यवादी होते का?

या मुद्द्यावर नव्हते. १८९१ च्या कायद्याने मुलीचं संमतीवय दहावरून बारा केलं. परक्या सरकारने आमच्या धर्मात हात घालू नये, सुधारणा समाजातून यावी, हा टिळकांचा युक्तिवाद. त्यात स्वातंत्र्य मागितलं होतं ते समाजासाठी, आणि ज्या मुलीचं शरीर पणाला लागलं होतं तिचा त्या हिशोबात स्वतंत्र विचार नव्हता. स्वातंत्र्यवादाची सुरुवात त्या मुलीपासून होते.

टिळकांच्याच रत्नागिरी जिल्ह्यात, दापोलीजवळच्या मुरुडला, याची दुसरी बाजू दिसते. धोंडो केशव कर्व्यांनी १८९३ मध्ये विधवेशी लग्न केलं आणि गावाने त्यांच्यावर बहिष्कार घातला. त्यांचे चिरंजीव र. धों. कर्वे यांनी १९२१ मध्ये संततिनियमनाचं केंद्र काढलं, १९२७ पासून १९५३ पर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ चालवलं आणि अश्लीलतेचे खटले अंगावर घेतले. १९३४ मध्ये कोर्टात त्यांची बाजू मांडायला उभे राहिले डॉ. आंबेडकर. शरीर माझं, विचार माझा, आणि कुणाचं नुकसान होत नसेल तर कायद्याने दूर राहावं, असं सांगणारा कोकणी माणूस शोधायचा तर र. धों.पाशीच थांबावं लागतं. त्यांना उजव्यांनी जवळ केलं नाही आणि डाव्यांनीही फारसं आपलं म्हटलं नाही.

गावकी ही तर लोकांची स्वतःची संस्था. ती स्वातंत्र्यवाद्यांना आवडायला हवी, नाही का?

सगळ्यात अवघड प्रश्न हाच आहे, आणि कोकणात तो टाळताच येत नाही.

गावकी म्हणजे गावातल्या घरांनी मिळून चालवलेली पंचमंडळी. तिची चांगली बाजू आधी. देवराया शतकानुशतकं राखल्या त्या वनखात्याच्या आधी, देवाच्या नावाने आणि गावाच्या शब्दाने. पाखाडी (दगडी पायवाट) बांधणं, पऱ्यावर (ओढ्यावर) बंधारा घालणं, मयताला खांदा देणं, शिमग्याची पालखी, यांपैकी कशालाही सरकारी आदेश लागला नाही. सरकार आणि एकटा माणूस यांच्यामधल्या अशा संस्था जपाव्यात, हे परंपरावादी सांगतात ते बरोबर आहे. सामायिक साधनसंपत्ती लोक स्वतःचे नियम करून टिकवू शकतात हे एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी अभ्यासाने दाखवलं, आणि २००९ चं अर्थशास्त्राचं नोबेल त्यांना मिळालं.

पण वाळीत टाकणंही गावकीचंच. सरपंचपदासाठी गावकीचा शब्द मोडून उभा राहिला, दुसऱ्या जातीत लग्न केलं, देवळाच्या जमाखर्चाचा हिशोब मागितला, की घराशी बोलणं बंद, विहीर बंद, मयताला कुणी येणार नाही. कुणी बोललं तर त्यालाही दंड. रायगड जिल्ह्यातल्या अशा प्रकरणांनी महाराष्ट्र हादरला, आणि २०१६ मध्ये विधिमंडळाने सामाजिक बहिष्काराविरुद्धचा कायदा मंजूर केला. तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. असा कायदा करणारं महाराष्ट्र पहिलं राज्य.

या कायद्यावर स्वातंत्र्यवाद्यांत दोन तट पडतात. एक म्हणतो, कुणाशी बोलावं हा प्रत्येकाचा हक्क आहे, न बोलण्यासाठी तुरुंग कसा? तर्क सुटा घेतला तर बिनतोड आहे. दुसरा तट विचारतो, न बोलणाऱ्यांतल्या किती जणांनी ते स्वतःच्या मर्जीने ठरवलं? बोललास तर तुलाही दंड, हा धाक जिथे आहे तिथे राजीखुशीचा करार उरतोच कुठे? मी दुसऱ्या तटात आहे. दंड वसूल करणारी, विहीर बंद करणारी, शिक्षा सुनावणारी गावकी त्या क्षणी एक छोटं सरकारच असते. त्या सरकारविरुद्ध न निवडणूक आहे, न अपील.

महाडचं चवदार तळं आठवा. नगरपालिकेने ते सर्वांना खुलं केल्याचा ठराव १९२४ मध्येच केला होता. तरीही २० मार्च १९२७ ला पाणी पिणाऱ्यांवर हल्ला झाला. नंतर तळं स्पृश्यांच्याच मालकीचं असल्याचा दावा लावला गेला. खाजगी मालकीची भाषा जातीच्या रक्षणाला कशी जुंपली जाते याचा हा अस्सल नमुना. मुंबई हायकोर्टाने तो दावा १९३७ मध्ये फेटाळला. संविधान सभेत ४ नोव्हेंबर १९४८ ला बाबासाहेबांनी समाधान व्यक्त केलं की मसुद्याने खेडं हे एकक न धरता व्यक्ती हे एकक धरलं. अर्थकारणात त्यांना सरकारी मालकी हवी होती, तिथे स्वातंत्र्यवाद्यांचा त्यांच्याशी उघड मतभेद आहे. व्यक्ती हे एकक मानण्याच्या बाबतीत मात्र ते बहुतेक घोषित स्वातंत्र्यवाद्यांहून पुढे होते.

प्रकल्प आला की स्वातंत्र्यवादी कंपनीच्या बाजूने असतात ना?

जमीन मालकाच्या संमतीने, ठरलेल्या भावाने घेतली तर कंपनीला मोकळीक. सरकारकरवी काढून घेतली तर विरोध. २०१३ च्या भूसंपादन कायद्यात खाजगी कंपनीसाठी ८० टक्के आणि सार्वजनिक-खाजगी भागीदारीसाठी ७० टक्के बाधितांची संमती लागते. सरकारच्या स्वतःच्या प्रकल्पाला ती अट नाही. राज्यातल्या औद्योगिक वसाहतींसाठी १९६१ चा वेगळा कायदा आहे, त्यातही ती नाही. राजापूर तालुक्यातल्या नाणारच्या तेल रिफायनरीची अधिसूचना २०१७ मध्ये निघाली आणि २०१९ मध्ये रद्द झाली. २०२३ च्या एप्रिलमध्ये रिफायनरीसाठीच बारसूच्या सड्यावर (कातळाच्या माळावर) माती परीक्षणाला पोलीस बंदोबस्त लागला. विरोध करणाऱ्यांत डावे होते, पर्यावरणवाले होते, स्थानिक पक्षवाले होते. ‘माझी जमीन, मला विकायची नाही’ ही त्यांची सर्वात सरळ मागणी शंभर टक्के स्वातंत्र्यवादी होती. तसंच, ज्याला आपली जमीन विकायची आहे त्याला गावाने गद्दार ठरवू नये, हेही त्याच तत्त्वात येतं.

गुहागरच्या एन्रॉन वीज प्रकल्पाकडे तर खुल्या बाजाराचं उदाहरण म्हणून कुणी बोट दाखवू नये. वीज घेणारं गिऱ्हाईक एकच, राज्य वीज मंडळ. पैशाची हमी राज्य सरकारची, आणि तिच्यावर केंद्राची प्रतिहमी. तोटा झाला तर भरणार जनता. सरकारच्या आडोशाला वाढणाऱ्या अशा भांडवलशाहीला डावे शिव्या देतात तेव्हा स्वातंत्र्यवाद्याने त्यांच्या शेजारी उभं राहावं.

इथे एक अवघड इतिहास आहे. राजापूर मतदारसंघाचे समाजवादी खासदार नाथ पै यांनी १९६७ मध्ये, संसदेला मूलभूत हक्क कमी करता येत नाहीत असं सांगणाऱ्या सर्वोच्च न्यायालयाच्या गोलकनाथ निकालानंतर, मूलभूत हक्कही बदलण्याचा संसदेचा अधिकार सांगणारं विधेयक आणलं. हेतू असा की जमीनसुधारणा कोर्टात अडकू नयेत. त्यांच्या सचोटीबद्दल शंका घेण्याचं कारणच नाही. पुढे १९७८ च्या ४४ व्या दुरुस्तीने मालमत्तेचा हक्क मूलभूत हक्कांतून निघाला. बड्या जमीनदारांविरुद्ध उपसलेलं ते हत्यार आज वीस गुंठ्यांच्या आंबेवाल्याविरुद्धही चालतं. डाव्या मित्रांनी यावर पुन्हा विचार करावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

परप्रांतीयांना जमिनी विकू देऊ नयेत, यावर यांचं काय म्हणणं?

विकणाऱ्याचा हक्क मोठा. शेतकरी नसलेल्याला शेतजमीन विकण्यावर कुळकायद्याच्या ६३ व्या कलमाने बंधन आहेच. डाव्यांना ते हवं असतं, भूमिपुत्रवाल्या उजव्यांनाही हवं असतं, आणि इथे स्वातंत्र्यवादी एकटा पडतो. कोकणची भूमी जाते ही हळहळ मी समजू शकतो. पण कलमाचा पहिला परिणाम असा होतो की गिऱ्हाईक कमी होतं आणि गरजू विकणाऱ्याला भाव कमी मिळतो.

दारू, गोमांस, कुणी कुणाशी लग्न करावं?

मोकळीक, तिन्हींत. गोवंश हत्याबंदी कायद्याच्या २०१५ च्या दुरुस्तीतलं, राज्याबाहेर कापलेल्या जनावराचं मांस बाळगणंही गुन्हा ठरवणारं कलम मुंबई हायकोर्टाने २०१६ मध्ये खाजगीपणाच्या हक्कावर रद्द केलं. त्या निकालाचं स्वागत आहे. दारूबाबत परंपरावादी आणि गांधीवादी दोघे विरोधात जातात. गोव्यात काजूच्या बोंडूची फेणी मानाची, तिला २००९ पासून भौगोलिक मानांकन आहे, आणि हद्दीवरच्या बांद्याच्या अलीकडे, महाराष्ट्रात, बोंडू सडतात. यात सिंधुदुर्गातल्या शेतकऱ्याचं नुकसान होतं.

पर्ससीनवाल्यांनाही, म्हणजे मोठ्या जाळ्याने माशांचा थवा वेढून उचलणाऱ्यांनाही, मोकळीक का?

नाही. समुद्र कुणा एकाच्या मालकीचा नाही, त्यामुळे ‘माझं मी करीन’ हा नियम तिथे लागूच होत नाही. एकाने बांगड्याचा अख्खा थवा उचलला की रापणकाराच्या, म्हणजे किनाऱ्यावरून जाळं ओढणाऱ्या मच्छीमाराच्या, जाळ्यात काही येत नाही. १९८१ चा मासेमारी नियमन कायदा आणि फेब्रुवारी २०१६ चा पर्ससीनवरचा आदेश अशाच भांडणांतून आले. मला पटणारा मार्ग असा: किनाऱ्याजवळच्या पाण्यावर त्या त्या बंदरातल्या मच्छीमारांचा सामायिक हक्क कायद्याने मान्य करावा आणि नियम त्यांनी करावेत. नारळी पौर्णिमेपर्यंत होड्या ओढून ठेवायची शिस्त कोळ्यांनी स्वतःच पाळली होती.

गरिबांचं काय? बाजार वाडीवर एसटी पाठवणार आहे का?

या ठिकाणी डाव्यांचं म्हणणं भारी पडतं, आणि ते मान्य करायला हवं. दहा घरांच्या वाडीवर फायद्यासाठी गाडी येणार नाही. मिल्टन फ्रीडमनने १९६२ मध्ये गरिबांना थेट रोख मदत देण्याची योजना मांडली. सरकारने सेवा चालवण्यापेक्षा माणसाच्या हाती पैसे द्यावेत, असा तो विचार. पैसा हाती आला तरी फुरसं, म्हणजे विषारी साप, चावलेल्या माणसासाठी प्रतिविषाचं इंजेक्शन तालुक्याच्या आरोग्य केंद्रातच असावं लागतं. मी इथे स्वातंत्र्यवादाची मर्यादा मानतो. मात्र शेतकऱ्याच्या गरिबीत सरकारचाही हात असतो हे शेतकरी संघटनेच्या शरद जोशींनी दाखवलं. भाव पाडण्यासाठी निर्यातबंदी घालायची आणि मग मदत वाटायची, हा उलटा कारभार. हापूसवाल्याला वाशीच्या बाजार समितीशिवाय विकण्याची वाट २०१६ मध्ये फळं-भाजीपाला नियमनमुक्त झाल्यावर मोकळी झाली, आणि आज पेट्या थेट गिऱ्हाइकाच्या घरी जातात.

मत कोणाला द्यायचं?

एकही मोठा पक्ष पूर्ण जुळत नाही. शरद जोशींनी १९९४ मध्ये स्वतंत्र भारत पक्ष काढला, पण तो मोठा झाला नाही. मुद्दा पाहून उमेदवार निवडा.

आमच्या घरात याचा उपयोग कुठे?

सातबाऱ्यावर. कोकणात एकेका गटावर पणजोबांपासूनची डझनावारी नावं असतात. कुणी मुंबईला, कुणी वारलेलं. ना कर्ज मिळत, ना वाटप होत. महसूल कायद्याच्या ८५ व्या कलमाखाली सहहिस्सेदारांच्या संमतीने तहसीलदाराकडून वाटप करून घेता येतं. सगळे गावी असतात तेव्हा, गणपतीत किंवा मे महिन्यात, हा विषय काढावा.

आणि त्याआधी बहिणींचं हक्कसोडपत्र. महाराष्ट्राने १९९४ मध्ये आणि केंद्राने २००५ मध्ये वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला समान हक्क दिला, तरी ‘माहेर तुटेल’ या एका भीतीवर सह्या होतात. कागदावर तो स्वेच्छेचा व्यवहार दिसतो. परंपरावादी त्याला कुटुंबाची रीत म्हणेल, डावा शोषण म्हणेल. स्वातंत्र्यवाद्याने मान्य असल्याचं सगळ्यांसमोर वदवून न घेता बहिणीला एकटीला विचारावं, तिचा हिस्सा बाजारभावाने किती होतो तो आकडा सांगावा, आणि तिने नाही म्हटलं तर तिचं नाव सातबाऱ्यावर राहू द्यावं. शरद जोशींच्या लक्ष्मीमुक्ती मोहिमेत हजारो शेतकऱ्यांनी बायकोच्या नावावर जमीन केली ती कुठल्याही कायद्याने भाग पाडलं म्हणून नव्हे. ती मोहीम घाटावर जास्त चालली. आपल्याकडे ती अजून व्हायची आहे.